दुसऱ्या नंबराची मारामारी

परवा जुना लॅपटॉप साफ करताना एक एक्सेल फाइल सापडली, नाव काय तर 'जीपी22 फायनल फायनल नवीन'. उघडली तर 24 नावं, पुढे तीन कॉलम आणि शेवटी टोटल. 2022 च्या ग्रां प्रीचा हिशोब. मोटारींची नाही हो, बुद्धिबळाची, फिडेची म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची ग्रां प्री. मी स्वतः खेळायला यथातथाच आहे, वजीर फुकट घालवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण हिशोब ठेवायला मला भयंकर आवडतं आणि या सिरीजमध्ये हिशोबाला तोटाच नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जगज्जेत्याशी कोण खेळणार हे ठरतं कँडिडेट्स स्पर्धेत, तिथे 8 जण, आणि त्या 8 मध्ये घुसायचे रस्ते वेगवेगळे, वर्ल्ड कप, ग्रँड स्विस, रेटिंग, आणि 2008 पासून 2022 पर्यंत अधूनमधून ही ग्रां प्री. वर्षा-दोन वर्षांत वेगवेगळ्या शहरांत तीन-चार-सहा टप्पे, प्रत्येक टप्प्याचे पॉइंट, सगळ्यांची बेरीज करून पहिले दोन कँडिडेट्सला. दोन! मला या सगळ्या प्रकारात आवडतं ते हेच, की पहिला येण्याला इथे मान आहे, पैसे आहेत, पण जागेच्या दृष्टीने पहिला आणि दुसरा सारखेच, आणि खरी मारामारी असते दुसऱ्या नंबरासाठी. पहिला बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो. दुसरा मात्र शेवटच्या टप्प्याच्या शेवटच्या दिवशी, कधी कधी तर त्या शहरात नसलेल्या माणसाच्या नावाने ठरतो.

त्या एक्सेलचंच बघा. 2022 ला तीन टप्पे, बर्लिन, बेलग्रेड, परत बर्लिन. 24 खेळाडू, प्रत्येकाने तीनपैकी दोनच टप्पे खेळायचे. टप्प्यात 16 जण, चौघांचे चार गट, गटात प्रत्येकाशी दोनदा, गटातला पहिला सेमीफायनलला. जिंकणाऱ्याला 13 पॉइंट, फायनल हरणाऱ्याला 10, सेमी हरणाऱ्यांना 7, गटात दुसऱ्याला 4, तिसऱ्याला 2, शेवटच्याला भोपळा. पहिला टप्पा जिंकला हिकारू नाकामुरा, जो वाइल्डकार्डवर आला होता आणि त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ क्लासिकल (म्हणजे तासन्‌तास चालणारा, संथ वेळेचा) डाव खेळलाच नव्हता, नुसतं स्ट्रीमिंग चाललेलं, वाइल्डकार्ड जाहीर झालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती (मीही मुरडलं होतं, कबूल). फायनलला आरोनियनला हरवलं त्याने. दुसरा टप्पा रिचर्ड रॅपोर्टने मारला, पहिल्यात तो सेमीला हरलेला, म्हणजे 13 आणि 7, झाले 20, दोन्ही टप्पे संपले, आता घरी बसा. आपले विदित आणि हरिकृष्णही होते पण सेमीपर्यंत कोणी पोचलं नाही, त्यांच्या ओळी मी फाइलमध्ये पिवळ्या केल्या होत्या आणि नंतर पुन्हा पांढऱ्या.

तिसऱ्या टप्प्याच्या फायनलला आले नाकामुरा आणि वेस्ली सो. आता गंमत बघा, सो चे आधीचे 4 पॉइंट, जिंकला तरी 13 मिळून 17 च होणार. रॅपोर्ट 20 वर बसलाय. नाकामुरा फायनल हरला तरी 13 आणि 10, 23. म्हणजे फायनल सुरू व्हायच्या आधीच दोन्ही जागा गेलेल्या, आणि पटावर बसलेल्या दोघांपैकी एकाला जागा मिळालेली, दुसऱ्याला मिळूच शकत नाही. सो जिंकला. तिसरा आला. जागा नाही. मी ती फायनल पूर्ण पाहिली आणि पूर्ण वेळ मला त्या जिंकणाऱ्या माणसाचंच वाईट वाटत होतं.

2017 चा शेवट याच्याही वरचा. त्या वर्षी शारजा, मॉस्को, जिनिव्हा आणि शेवटी पाल्मा दे मायोर्का, प्रत्येकाने चारपैकी तीन खेळायच्या, 18 जणांची स्विस पद्धत (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी), 9 फेऱ्या. मामेद्यारोव आणि ग्रिशुक दोघांचेही तीन टप्पे आधीच उरकलेले, त्यामुळे पाल्मात ते नव्हतेच. मामेद्यारोवचे 340, ग्रिशुकचे 336 आणि वर थोडा अपूर्णांक. अपूर्णांक कशाला, तर बरोबरीत आलेल्यांचे पॉइंट वाटून द्यायचे, सहा-सात जण एका जागी अडकले की त्यांच्यात भागाकार, शाळा सुटल्यावर मी सातने भाग असा त्याच वर्षी दिला. तर हे दोघे घरी देव पाण्यात घालून बसलेले आणि पाल्मात राजाबोव आणि माक्सिम वाशिए-लाग्राव, यांना पुढे जायला चांगला निकाल हवा. शेवटच्या फेरीत राजाबोवची बरोबरी, वाशिए-लाग्राव याकोवेंकोकडून हरला. झालं. जे खेळत नव्हते ते दोघे बर्लिनच्या कँडिडेट्सला गेले. बुद्धिबळात पटावर न बसता जिंकायची सोय मला तरी दुसरीकडे कुठे माहीत नाही.

वाशिए-लाग्रावबद्दल दोन ओळी जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हा माणूस म्हणजे 'थोडक्यात हुकलं' या शब्दाचा चालता-बोलता अर्थ. त्याच 2017 ला वर्ल्ड कपच्या सेमीला आरोनियनविरुद्ध पार अर्मगेडनपर्यंत, म्हणजे बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायच्या निर्णायक डावापर्यंत, जाऊन हरला. 2019 ला ग्रां प्री बदलून नॉकआउट केली, मॉस्को, रीगा, हँबर्ग, जेरुसलेम, आणि परत तो दुसऱ्या जागेच्या तोंडाशी, फक्त नेपोम्नियाचीने शेवटचा जेरुसलेमचा टप्पा जिंकायला नको होता. नेपोने जिंकला. ग्रिशुक पहिला, नेपो दुसरा, आणि आमचा माक्सिम परत बाहेर. मग मार्च 2020 मध्ये राजाबोवने कोरोनाच्या काळजीने कँडिडेट्समधून अंग काढून घेतलं आणि ऐनवेळी याला फोन गेला. येकातेरिनबुर्गला पोचला आणि 7 फेऱ्यांनंतर 4.5 गुणांवर नेपोबरोबर पहिला! आणि तेव्हाच स्पर्धा थांबवली, विमानं बंद होणार म्हणून. उरलेल्या 7 फेऱ्या वर्षभराने, एप्रिल 2021 मध्ये. नेपो जिंकला. असो.

पण लक्षात घ्या की नेपो ग्रां प्रीमधून दुसरा येऊन आला होता आणि थेट जगज्जेतेपदाच्या लढतीला पोचला. ग्रां प्रीचे पहिले नंबरवाले मात्र कँडिडेट्स काही केल्या जिंकले नाहीत. आरोनियन पहिल्या सिरीजचा विजेता, 2011 ला कझानच्या कँडिडेट्समध्ये पहिल्याच मॅचला बाहेर. कोणी काढला? ग्रिशुकने. आणि ग्रिशुक तिथे कसा, तर कार्लसनने त्या कँडिडेट्समधून नाव मागे घेतलं म्हणून रिकामी जागा ग्रां प्रीच्या तिसऱ्या नंबराला मिळाली! तिसऱ्याने पहिल्याला काढलं, पुढे क्रामनिकलाही काढलं आणि फायनलला गेलफांडकडून हरला, तोच गेलफांड मग 2012 ला मॉस्कोत आनंदशी खेळला. 2012-13 चा विजेता टोपालोव, 2014 च्या कँडिडेट्सला शेवटचा. ती स्पर्धा आनंदने जिंकली, जो त्या ग्रां प्रीमध्ये नव्हताच. 2014-15 चा विजेता कारुआना जवळ गेला, 2016 ला कार्याकिननंतर दुसरा, आणि 2017 चा मामेद्यारोवही, 2018 ला कारुआनानंतर दुसरा.

कारुआनाचाही एक हिशोब आहे, 2013 चा पॅरिसचा. शेवटचा टप्पा, टोपालोव पहिला ठरून गेलेला, कारुआनाला दुसरी जागा हवी तर पॅरिस एकट्याने जिंकायला हवं, वाटून नाही, एकट्याने. गेलफांडबरोबर पहिला नंबर वाटला गेला. टप्पा जिंकला (म्हणजे अर्धा जिंकला) आणि जागा मामेद्यारोवला. त्या रात्री त्याने काय केलं असेल हे मला अजून वाटत राहतं, मी असते तर पट विकला असता.

पहिल्या सिरीजबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे घोळ खेळाडूंचा नव्हता, ठरवणाऱ्यांचा होता. 2008 ला सुरू झाली तेव्हा थाट मोठा, 21 खेळाडू, सहा टप्पे, प्रत्येकाने चार खेळायचे, त्यातले चांगले तीन धरायचे, टप्प्यात 14 जण, 13 फेऱ्या. बाकूपासून सुरुवात, कार्लसन, गाशिमोव आणि वांग युए तिघे संयुक्त पहिले, आणि तेव्हा ठरलेलं होतं की ग्रां प्रीचा विजेता आणि वर्ल्ड कपचा विजेता एकमेकांशी खेळणार आणि त्यातला जिंकेल तो आव्हानवीर. मग सिरीज चालू असतानाच फिडेने नियम बदलले, आता कँडिडेट्स होणार म्हणे. म्हणजे तुम्ही शर्यत पळताय आणि अर्ध्यात कोणीतरी शेवटची रेघ उचलून पुढे नेली. कार्लसनने डिसेंबर 2008 मध्ये पत्र लिहून सरळ सिरीज सोडली, ॲडम्सही गेला. तेव्हा लोक म्हणाले पोराला माज आलाय, 18 वर्षांचा होता. मला तेव्हा काही मत नव्हतं, आता आहे, बरोबर केलं त्याने. टप्प्यांची शहरंसुद्धा बदलत गेली, दोहा, माँत्रो, कार्लोव्ही व्हारी अशी नावं कागदावर आणि प्रत्यक्षात डाव झाले नालचिक, जेर्मुक, अस्त्राखानला. प्रायोजक कमी, गोंधळ जास्त. तरी आरोनियनने सोची आणि नालचिक जिंकून पहिला नंबर घेतला, राजाबोव दुसरा.

बरोबऱ्यांचा विषय टाळून चालणार नाही कारण या सिरीजला सगळ्यात जास्त शिव्या त्यावरूनच पडल्या. 2017 ला तर कहरच. पण त्यात खेळाडूंचा दोष कमी आणि गणिताचा जास्त असं मला वाटतं. विचार करा, तुम्ही आघाडीवर आहात, समोरचाही आघाडीवर आहे, जिंकलात तर थोडे जास्त पॉइंट, हरलात तर धाडकन खाली आणि सहा जणांच्या भागाकारात, मग बरोबरी करून दोघे हॉटेलवर जाऊन झोपलेले काय वाईट? 18 खेळ्यांत हात मिळवणी. प्रेक्षक जांभया देतात, तो त्यांचा प्रश्न. 2019 ला नॉकआउट आणलं ते यावर औषध म्हणून, आणि टायब्रेकशिवाय (म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा वेगवान डावांशिवाय) मॅच जिंकली तर एक पॉइंट बोनस, म्हणजे पैशाचं नाही तर पॉइंटाचं आमिष. थोडा फरक पडला. पण नॉकआउटमध्ये वेगळीच पंचाईत, ज्याला वेगवान डाव चांगले येतात तो क्लासिकलमध्ये निवांत बरोबरी करून टायब्रेकची वाट बघत बसतो. शेवटी 2022 ला गट अधिक नॉकआउट अशी मिसळ केली आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली जमली होती, आणि तीच शेवटची ठरली.

आता हंपी. खरं तर हा सगळा पोस्ट हंपीसाठीच लिहायचा होता आणि मी माक्सिमवर अडकले.

महिलांची ग्रां प्री 2009 ला सुरू झाली आणि कोनेरू हंपी तिच्यात किती वेळा दुसरी आली मोजा. 2009-11 दुसरी. 2011-12 दुसरी. 2013-14 दुसरी. या तिन्ही वेळा पहिली हू यिफान. 2015-16 ला दुसरी, पहिली जू वेनजुन. मग बाळंतपणाची मोठी सुट्टी, दोन वर्षं पटापासून लांब, आणि परत आली ती 2019 ला थेट स्कोल्कोवोचा टप्पा जिंकूनच, त्याच वर्षाअखेर जागतिक रॅपिडही जिंकली, आणि ती 2019-21 ची सिरीज संपली तेव्हा पहिली गोर्याच्किना, दुसरी... हो, हंपी. पाच वेळा! सिरीजचे प्रायोजक बदलले, पहिल्या नंबराच्या बायका बदलल्या, दुसरी तीच. आपल्याकडे बातमी यायची 'हंपीचे विजेतेपद हुकले', चार ओळी, संपलं. अहो पण पाच वेगवेगळ्या सिरीजमध्ये, बारा वर्षं, मध्ये मूल झालेलं असताना, जगातल्या सगळ्या बायकांमध्ये सतत दुसरं येणं ही काय हुकण्याची गोष्ट आहे? एखादा टप्पा नशिबाने जिंकता येतो. तीन-चार टप्प्यांची बेरीज नशिबाने येत नाही, ती एक्सेलवाल्या बाईला विचारा.

आणि पहिल्या वेळी त्या दुसऱ्या नंबराने तिला थेट जगज्जेतेपदाच्या लढतीत नेलं होतं, हे बरेच जण विसरतात. नियम असा की ग्रां प्रीची विजेती जगज्जेतीला आव्हान देणार. पण हू यिफान डिसेंबर 2010 मध्ये नॉकआउट जिंकून स्वतःच जगज्जेती झाली, आणि ग्रां प्रीतही तीच पहिली, आता ती स्वतःलाच आव्हान कसं देणार, म्हणून दुसरीला संधी. आणि ती दुसरी जागा हंपीने 2011 ला दोह्याचा शेवटचा टप्पा जिंकून पक्की केली. नोव्हेंबर 2011, तिराना, अल्बानिया. 8 डावांत 5.5-2.5 ने हरली, तीन डाव हरले, पाच बरोबरी, एकही जिंकता आला नाही. समोर 17 वर्षांची पोरगी होती आणि ती काही साधी पोरगी नव्हती. त्यानंतरच्या तीन दुसऱ्या नंबरांनी मात्र तिला लढत काही दिली नाही, दरवेळी फक्त पहिलीलाच भाव. इथे नियम निष्ठुर होता, पुरुषांसारख्या दोन जागा नव्हत्या. पाचव्या वेळी कँडिडेट्सची जागा मिळाली.

पुरुषांची ग्रां प्री 2022 नंतर गुंडाळली. त्या जागी फिडे सर्किट आलं, म्हणजे वेगळी सिरीज नाही, वर्षभर ज्या मोठ्या स्पर्धा होतात त्यातल्याच कामगिरीचे पॉइंट. स्वस्त आणि सोपं, आयोजकांना. मला नाही आवडलं, सगळ्यांनी सारख्या टप्प्यांत खेळायचं आणि एकमेकांच्या डोळ्यांसमोर जागा मिळवायची ही मजा त्यात नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये जे झालं ते आठवा, जागेसाठी पॉइंट कमी पडतायत म्हणून ऐनवेळी चेन्नईत स्पर्धा भरवली, गुकेश तिथे टायब्रेकवर अर्जुनच्या पुढे राहून पहिला आला. रेटिंगच्या जागेसाठी फिरौझाने तर घाईघाईत फ्रान्समध्ये मॅचेस लावल्या, त्या मोजायला फिडेने नकार दिला, मग तो रुआँच्या ओपनला जाऊन 7 पैकी 7 जिंकून आला. सगळ्यांची धावपळ बघून दम लागायचा.

पण एक सांगू? त्या 2023 च्या सर्किटमध्ये पहिला आला कारुआना, आणि तो वर्ल्ड कपमधून आधीच कँडिडेट्सला पोचलेला. म्हणून जागा गेली दुसऱ्याला. दुसरा गुकेश. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे, टोरांटो, 14 पैकी 9, मग 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरला डिंगचा हत्ती चुकीच्या घरात गेला आणि 18 वर्षांचा जगज्जेता.

आणि तो डिंग तरी कोण होता? 2022 च्या बर्लिनला व्हिसाअभावी पोचू शकला नव्हता, माझ्या एक्सेलमध्ये त्याचं नाव खोडून आंद्रेइकिनचं टाकलेलं दिसतंय. मग कार्याकिनवर बंदी आली, रेटिंगवर जागा मोकळी झाली, पण डाव कमी पडत होते म्हणून चीनमध्ये महिन्याभरात पंचविसाहून जास्त डाव खेळून त्याने कोटा भरला. माद्रिदच्या कँडिडेट्सला शेवटच्या फेरीत समोर ग्रां प्रीचा विजेता नाकामुरा, त्याला दुसऱ्या नंबरासाठी फक्त बरोबरी हवी होती. डिंग जिंकला, दुसरा आला, नेपोच्या मागे. आणि कार्लसन म्हणाला मी खेळतच नाही आता, म्हणून पहिला विरुद्ध दुसरा अशी लढत, अस्ताना 2023, टायब्रेकवर डिंग जगज्जेता. तिथे त्याच्याकडून तयारी करून घेणारा माणूस, ज्याला बुद्धिबळात सेकंडच म्हणतात, तो होता रॅपोर्ट. माझ्या फाइलमध्ये 20 पॉइंटवर दुसरा बसलेला तोच.

महिलांची ग्रां प्री मात्र चालू राहिली आणि 2025 च्या एप्रिलमध्ये तिचा एक टप्पा पुण्यात झाला. हंपी आणि झू जिनेर दोघींचे 9 पैकी 7, टायब्रेकवर हंपी पहिली, दिव्या देशमुख तिसरी. मी परत फाइल काढली, परत बेरजा. ऑस्ट्रियातला शेवटचा टप्पा झाला तेव्हा सिरीजमध्ये झू जिनेर पहिली, गोर्याच्किना दुसरी, हंपी पहिल्या दोघींत नाही. सहाव्यांदा दुसरी येता आलं नाही म्हणून मला वाईट वाटलं हे लिहिताना विचित्र वाटतंय, पण वाटलं. मग जुलैमध्ये बाटुमीला वर्ल्ड कप, तिथे पहिल्या तिघींना कँडिडेट्सची जागा. फायनलला हंपी आणि दिव्या, दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, टायब्रेकवर दिव्या जिंकली. आणि हंपी तिथे दुसरी आली आणि कँडिडेट्सची जागा घेऊन गेली.